'आमची ऋणे सोड' म्हणणाऱ्या मंडळीच्या भिंतीवर बाकीदारांची यादी

प्रति,
मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) पाळक, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांचे सेक्रेटरी व खजिनदार, आणि सर्व विश्वस्त यांस,

प्रभूच्या नावाने सलाम.

दर रविवारी आपण सारे उभे राहून एक वाक्य एका सुरात म्हणतो: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. मत्तयाच्या ग्रीक मुळात इथे पापाला कर्जाचा शब्द आहे आणि आपल्या मराठी पवित्र शास्त्राने तो जसाच्या तसा राखला. आमेन म्हणून दाराबाहेर आले की सूचनाफलक दिसतो. त्यावर सभासद क्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, किती महिन्यांची वर्गणी थकली आणि एकूण बाकी किती, हे टाइप करून लावलेले असते. काही मंडळ्यांत हीच यादी आराधना संपायच्या आधी मोठ्याने वाचतात.

यादी तरी जुनी आहे. आता काही कमिट्यांनी ठराव करून पुढचे पाऊल टाकले आहे. बाकी भरल्याशिवाय मुलाचा बाप्तिस्मा होणार नाही, लग्नाची घोषणा वाचली जाणार नाही, बदलीचा दाखला मिळणार नाही, आणि घरात मयत झाली तर दफनभूमीची चिठ्ठी फाडली जाणार नाही. या ठरावांमुळे हे पत्र लिहावे लागले.

आम्ही मंडळीबाहेरचे टीकाकार नाही. अर्पण मोजणे, वर्गणीची वही लिहिणे, दफनभूमीचे रजिस्टर ठेवणे ही कामे आम्ही केली आहेत. पाळकांचा पगार, वीजबिल, पावसाळ्याआधी छपराची डागडुजी, यांतले काहीच फुकट होत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. परदेशी मिशनचा पैसा थांबल्यावर मंडळ्या आपल्या पायावर उभ्या राहिल्या त्या घराघरातल्या वर्गणीवरच. वर्गणीला आमचा विरोध नाही. ती देवाच्या दाराचे तिकीट झाली, याला आमचा विरोध आहे.

आधी बाकी कशी साचते ते पाहा. समजा महिना १०० रुपये वर्गणी आहे. पाच वर्षे थकली की ६,००० रुपये होतात. त्यात दफनभूमी निधी, वार्षिक सण आणि इमारत निधी धरून दरसाल आणखी १,००० लावले की आकडा ११,००० वर जातो. ज्यांची बाकी साचते ते बहुधा चुकार नसतात. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेले कुटुंब पाच-सहा महिने गावात नसते आणि वही मात्र दर महिन्याला त्यांच्या नावावर १०० रुपये चढवत राहते. धुणीभांडी करणाऱ्या विधवेच्या नावावर तिच्या नवऱ्याच्या आजारपणातली बाकीही तशीच पुढे ओढली जाते. रक्कम एकदा आवाक्याबाहेर गेली की माणूस थोडे थोडे भरणेही सोडतो, कारण शंभर-दोनशेने यादीतले नाव निघत नाही. मग तो रविवारी येणे टाळतो. मुलांचे संडे स्कूल सुटते. थैलीत पडणारे त्याचे रविवारचे दहा-वीस रुपयेही थांबतात. म्हणजे वसुलीच्या दृष्टीनेही ही यादी तोट्याचीच आहे. कोणत्याही खजिनदाराने गेल्या दहा वर्षांच्या वह्या शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात: यादीतली किती नावे पैसे भरून निघाली आणि किती नावे मंडळीतूनच निघून गेली?

आमची सर्वांत मोठी तक्रार दफनाची आहे. मयताच्या घरी वेळ नसतो. हॉस्पिटलचा दाखला, पेटी, गाडी, खड्डा खोदणारी माणसे, क्रूस, हे सारे काही तासांत जुळवायचे असते आणि त्याच वेळी सेक्रेटरींच्या घरी जाऊन बाकीचा हिशेब करावा लागतो. त्या क्षणी कोणीही उसने काढून पैसे भरतो. म्हणूनच या अटीने वसुली होते, आणि म्हणूनच ती इतकी वाईट आहे. खड्डा खोदण्याची मजुरी आणि पेटीची किंमत हा खरा खर्च आहे, तो मागायला हरकत नाही. मेलेल्या माणसाची मागची वर्गणी हा त्या खर्चाचा भाग नाही. या दोन रकमा एकाच पावतीवर येतात तेव्हा मंडळी शोक करणाऱ्याच्या उंबऱ्यावर सावकार म्हणून उभी राहते.

रोमन कॅथलिक बांधवांकडे याबाबत निदान लेखी नियम आहे, तो आपण वाचावा. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेचा कलम ८४८ सांगतो की ठरवून दिलेल्या दानापलीकडे संस्कारासाठी काही मागू नये आणि गरिबीमुळे कोणी संस्काराला मुकू नये. कलम ९४७ म्हणतो की मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेच्या, दानात व्यापाराचा आभासही नको. अंत्यविधीच्या दानाबद्दल कलम ११८१ आहे: माणसे पाहून भेद करायचा नाही आणि गरिबाला योग्य अंत्यविधी नाकारायचा नाही. प्रत्येक पॅरिशमध्ये हे तंतोतंत पाळले जाते असा आमचा दावा नाही. पण तिथे अन्याय झाला तर गरीब माणूस एका लेखी कलमावर बोट ठेवू शकतो. आपल्या किती मंडळ्यांच्या घटनेत असे एक तरी वाक्य आहे?

आता शास्त्राकडे येऊ, कारण ठरावांच्या समर्थनार्थ शास्त्रच पुढे केले जाते.

लेवीय या पुस्तकाचा पाचवा अध्याय घ्या. पापार्पणासाठी मेंढी किंवा शेळी आणावी. ती परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले. तीही परवडत नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर पीठ, तेही तेलाविना, धुपाविना. तिन्ही अर्पणांनी प्रायश्चित्त तेच, आणि पाखरे किंवा पीठ आणणाऱ्याविषयी स्पष्ट लिहिले आहे: त्याला क्षमा होईल. मेंढीवाल्याला पूर्ण क्षमा आणि पीठवाल्याला हप्त्याने, असे तिथे नाही. प्रभूच्या आईने मंदिरात पाखरांचेच अर्पण नेले होते, लूकने ते मुद्दाम नोंदले आहे. मोशेच्या नियमशास्त्राने गरिबासाठी जे दार उघडे ठेवले होते, ते कृपेच्या काळातल्या कमिटीने लावून घ्यावे?

अर्ध्या शेकेलचा, म्हणजे प्रत्येकाने द्यायच्या ठरीव चांदीचा, दाखला काही जण देतात. निर्गम तिसाव्या अध्यायात श्रीमंताने जास्त देऊ नये, गरिबाने कमी देऊ नये असे आहे, म्हणून सर्वांना सारखी आणि सक्तीची वर्गणी योग्य, असा युक्तिवाद असतो. तो नियम कोणाचा जीव कोणाहून मोलाचा ठरू नये म्हणून होता. आणि याच मंदिरकराविषयी प्रभूने पेत्राला विचारले होते की राजे कर कोणाकडून घेतात, आपल्या मुलांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असे पेत्र म्हणाला. तर मग मुलगे मोकळे आहेत, हे प्रभूचे उत्तर. त्याने कर भरला, पण कोणी अडखळू नये म्हणून. मुलगेपण टिकवण्यासाठी नव्हे.

मलाखीचा तिसरा अध्याय तर वर्गणीच्या रविवारी ठरलेलाच. सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा म्हणजे आकाशाची द्वारे उघडतील. पण त्याच अध्यायात पाच वचने आधी मजुराची मजुरी अडवणारे, विधवा आणि पोरक्यांना छळणारे यांच्यावर देव साक्षीला येतो. ते वचन त्या रविवारी कोणी वाचत नाही. आणि त्या भांडारातले जायचे कुठे? अनुवाद या पुस्तकाचा चौदावा अध्याय सांगतो: दशमांश देणाऱ्याने स्वतः कुटुंबासह परमेश्वरासमोर खावा आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवावा, म्हणजे लेवी, उपरी, पोरके आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावे. ज्या विधवेच्या ताटात दशमांश जायचा, तिच्याच नावावर आपण बाकी लिहितो.

मंदिराच्या पेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकणाऱ्या विधवेवर आपण किती उपदेश ऐकले! तिच्यासारखे द्या, सगळे द्या. मार्कच्या बाराव्या अध्यायात ती येते त्याच्या अगदी आधीच्या वाक्यांत प्रभू शास्त्र्यांवर रागावला आहे, कारण ते विधवांची घरे गिळतात. आणि ती गेल्याबरोबर तो म्हणतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. त्याने तिचे मन पाहिले आणि मोठे मानले. पण जिने शेवटची दमडी टाकली तिच्यापर्यंत त्या भांडारातून काहीच का पोचत नव्हते, हा प्रश्न त्याच पानावर उघडा पडला आहे. तिच्या नावाने अर्पण मागणाऱ्याने तो टाळून पुढे जाऊ नये.

पैशाने देवाचे दान मिळेल असे वाटणारा पहिला माणूस प्रेषितांच्या आठव्या अध्यायात भेटतो, शोमरोनचा शिमोन. पेत्राने त्याला फार कठोर शब्द ऐकवले आणि मग पश्चात्ताप करायला, प्रार्थना करायला सांगितले. दंड मात्र सांगितला नाही. पुढे चर्चच्या पदांची आणि कृपेच्या साधनांची विक्री झाली तेव्हा त्या पापाला या शिमोनाचेच नाव पडले: सायमनी.

१५१७ साल आपण प्रोटेस्टंट लोक अभिमानाने सांगतो. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकाच्या बांधकामासाठी आणि माइन्झच्या आर्चबिशपचे कर्ज फेडण्यासाठी योहान टेट्झेल पापदंडमाफीची पत्रे विकत होता आणि लूथरने त्याविरुद्ध ९५ प्रबंध मांडले. यातला एक तपशील आपल्या उपदेशांत येत नाही. त्या विक्रीच्या सूचनापत्रात ऐपतीप्रमाणे दर होते. राजे आणि बिशप यांना २५ ऱ्हाइन गुल्डेन, आणि मग खाली उतरत कमी कमी. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने पैशाऐवजी प्रार्थना आणि उपास करावा, कारण स्वर्गाचे राज्य श्रीमंतांइतकेच गरिबांनाही उघडे असले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ज्या व्यवहाराला आपण चार-पाचशे वर्षे नावे ठेवतो, त्याच्याही दरपत्रकात कफल्लक माणसाची सोय होती. आपल्या थकबाकीच्या ठरावात ती नाही. (रोमन चर्चनेही हे दुखणे पुढे स्वतःच कापले: ट्रेंटच्या परिषदेने दान गोळा करत फिरणारे हे विक्रेते बंद केले आणि १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी पैशाशी जोडलेल्या माफ्या रद्द केल्या.)

आता क्षमेचा हिशेब. प्रभूने तो आकड्यांतच मांडला आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या चाकराचे देणे होते १०,००० तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. धन्याला कळवळा आला आणि त्याने ते सगळे सोडले. त्या चाकराने बाहेर पडून सोबत्याची गचांडी धरली ती १०० दिनारांसाठी, तीन-साडेतीन महिन्यांच्या मजुरीसाठी. शंभर दिनार ही खोटी बाकी नव्हती, ती खरीच होती. चाकर हिशेबात चुकला नव्हता. आपण नुकतेच कुठून बाहेर पडलो हे तो विसरला. प्रभुभोजनाच्या मेजावरून उठून सूचनाफलकाकडे जाणाऱ्या कमिटीने हा दाखला एकदा मीटिंगच्या सुरुवातीला वाचावा, एवढीच विनंती.

मेजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. करिंथच्या मंडळीवर पौल सर्वांत जास्त चिडला तो याच ठिकाणी. एक उपाशी, एक तर्र, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांची मान खाली. अयोग्य प्रकारे भोजन घेण्याचा इशारा आपण व्यसनी माणसाला ऐकवतो. पौलाने तो गरिबांना लाजवणाऱ्यांना ऐकवला होता.

काही ठिकाणी शिस्तभंग झालेल्या सभासदाला परत घेताना दंड भरून घेतात. पावतीवर 'उपकारस्तुती' (आभाराचे अर्पण) लिहिले म्हणून तो दंड नाहीसा होत नाही. जातपंचायतीच्या दंडाला आपण विरोध करायचा आणि वेदीपुढे तोच रिवाज चालवायचा, हे बंद झाले पाहिजे. पश्चात्ताप पाहायचा असेल तर पैशाची एक खरी कसोटी शास्त्रात आहे: जकातदार जक्कय. त्याने अर्धे गरिबांना दिले आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत केले. त्यातले काहीच त्याने सभास्थानाच्या पेटीत टाकून सुटका करून घेतली नाही. क्षमेला पैसा लागत नाही. पण ज्याचे घेतले त्याचे परत करणे क्षमेमागून येते, आणि ते थेट त्या माणसाच्या हातात जाते. प्रभूनेच सांगितले आहे की वेदीपाशी भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा.

म्हणून मोठ्या देणगीदारांविषयीही बोलले पाहिजे. मजुरांचे पैसे थकवणारा, भावाच्या हिश्श्यावर बसलेला माणूस इमारत निधीला पाच लाख देतो. त्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते, पुढच्या निवडणुकीत तो कमिटीवर येतो, आणि त्याला एकही प्रश्न विचारला जात नाही. प्रभूला धरून दिल्याबद्दल मिळालेली आणि यहूदाने फेकलेली तीस रुपे दानकोशात टाकायला ते याजकसुद्धा तयार नव्हते. आपण तेवढी तरी चौकशी करतो का? पंखे, बाके, घड्याळे, सगळ्यांवर नावे रंगवली आहेत. सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायापाशी, हे याकोबाने ज्याला भेदभाव म्हटले ते आपण ऑइलपेंटने लिहून ठेवले आहे. कापणीच्या सणाच्या लिलावात भोपळा पाच हजाराला जातो, त्याचा आनंद जरूर असावा. पण शेजारच्या बाईने आणलेल्या शेरभर बाजरीचा पुकारा हसण्यावारी नेऊ नका.

आणि बीज पेरण्याच्या सभांविषयी. हजार रुपयांचे बीज टाका, शंभरपट घ्या. आजार जाईल, कर्ज फिटेल, घराण्याचे पाप तुटेल. पडद्यावर क्यूआर कोड. पेरणीचे ते वचन दुसऱ्या करिंथकरांच्या नवव्या अध्यायातले आहे आणि पौल तिथे यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा करत होता, स्वतःच्या सभेसाठी नव्हे. पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी होऊन किंवा भाग पडते म्हणून नव्हे. आधीच्या अध्यायात त्याने पैशाबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे पाठवली आहेत, कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये म्हणून. प्रेषित असून त्याने एकट्याने थैली हातात घेतली नाही. या सभांना आपली माणसे का जातात, ते मात्र आपणच पाहायला हवे. आपल्या यादीत नाव लागलेला माणूस तिथे जातो, कारण तिथे सभासद क्रमांक विचारत नाहीत. तिथे त्याला 'ये' म्हणतात. मग तो आपल्या बाकीपेक्षा जास्त रक्कम तिथे बीज म्हणून टाकून येतो. दोन्ही ठिकाणी त्याला एकच शिकवण मिळाली: देव पैसे पाहतो.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे द्यावीशी वाटते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये असताना त्यांनी लंडनमधल्या फुलहॅम इथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनींनी (सिस्टर्सनी) कसे जवळ केले ते पाहिले आणि हे कशामुळे असे विचारले. उत्तरादाखल त्यांना प्रभू विहिरीवर जिच्याशी बोलला त्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. त्या विहिरीवर पाण्याचा दर नव्हता. ख्रिस्ताकडे त्यांचे मन वळले ते असे, आणि पुढे त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुलींना दार उघडले गेले तेही कोणाकडे काही नाही हे पाहूनच. हीच आपली खरी परंपरा आहे. तहानेल्यांनो, पैशावाचून, मोलावाचून या, ही यशयाची हाक आपण भिंतींवर रंगवतो, तिच्याच खाली यादी लावतो.

वर्गणीची सक्ती गेली तर मंडळी चालणार कशी, हा खजिनदारांचा प्रश्न रास्त आहे. उपाय अवघड नाहीत. नोव्हेंबरमध्ये पुढच्या वर्षाचा अंदाज एका पानावर छापून प्रत्येक घरी द्या: पगार इतका, वीज इतकी, डागडुजी इतकी, गरिबांसाठी इतके. प्रत्येक घराने स्वतःचा आकडा बंद पाकिटात लिहून द्यावा, शून्यसुद्धा. जूनमध्ये तो बदलायची मुभा असावी. फलकावर फक्त एकूण ठरलेली आणि एकूण जमलेली रक्कम लावा. कोण किती देतो हे खजिनदार आणि आणखी एकालाच माहीत असावे. पाळकांना ते माहीत नसलेलेच बरे, म्हणजे घरभेटीला जाताना मन मोकळे राहते. अर्पण तीन जणांनी, नात्यात नसलेल्यांनी, आराधनेनंतर तिथेच मोजावे, नोटांच्या तपशिलाचा कागद करून सह्या कराव्यात, सोमवारी बँकेत भरावे. लोक देणे थांबवतात त्यामागे गरिबीइतकेच अविश्वासाचे कारण असते, आणि त्यावर यादीचा उपाय लागू पडत नाही. दफनासाठी वेगळा निधी ठेवा. २०० कुटुंबांनी महिना २० रुपये दिले तर वर्षाला ४८,००० जमतात. ज्याला जमत नाही त्याच्या मयताला त्यातून पेटी आणि मजुरी सहज देता येईल.

आमच्या मागण्या:

१. बाकीदारांची यादी फलकावरून उतरवावी, आराधनेत वाचू नये, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

२. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, लग्नाची घोषणा, दाखले आणि दफन यांचा वर्गणीशी संबंध नाही, असा ठराव करून तो घटनेत लिहावा. दफनाच्या प्रत्यक्ष खर्चाची वेगळी पावती द्यावी.

३. पाच वर्षांपूर्वीची सर्व बाकी सरसकट सोडावी. त्यापुढची बाकी घरभेट देऊन, विचारून सोडावी. सोडल्याचे कुटुंबाला पत्राने कळवावे, म्हणजे त्यांना रविवारी मान वर करून येता येईल.

४. मतदान किंवा उमेदवारीला वर्गणीची अट असेल तर आजारपण, बेकारी आणि हंगामी स्थलांतर यांत ती शिथिल करावी.

५. परत घेण्याचा दंड बंद करावा. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळाली का, एवढेच पाहावे.

६. वस्तूंवर देणगीदारांची नवी नावे घालू नयेत.

७. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे तपासलेले हिशेब सर्वसाधारण सभेत वाचावेत आणि प्रत मागणाऱ्याला द्यावी.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत यादी उतरलेली असावी आणि बाकीच्या मागण्यांवर कमिटीचे लेखी उत्तर जानेवारीच्या सभेपूर्वी मिळावे. वह्या नव्याने मांडायला, घरभेटी वाटून घ्यायला, दफननिधीचे पहिले वर्ष सांभाळायला माणसे लागतील. त्या कामाला आमची नावे लिहून घ्या.

ख्रिस्तात आपले,
मंडळ्यांतील काही सभासद, माजी खजिनदार आणि संडे स्कूलचे शिक्षक